भाटकाराचं बी

॥ श्री देव आजोबा प्रसन्न ॥

केरी, पेडणे
ता. २४ सप्टेंबर

बाय क्षमा, तुला आजीचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरी आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. घरात आता दोन बायका, एक घोडी आणि एक बोका. त्यातला बरा म्हणावा असा बोकाच. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझी आई जेवते, झोपते, कामं करते, विचारलं तर उत्तर देते. आणखी काय सांगू.

फोन असताना पत्र कशाला, असं सुविधा मला विचारत होती. म्हटलं, बाय, मला ऐकू कमी येतं, फोन मोठ्याने लावावा लागतो, मग आमचं बोलणं नदीपलीकडे तेरेखोलात पोचतं. आणि मधे तू उभी असतेस कान देऊन. सुनेला असं तोंडावर सांगितलं की ती दोन दिवस रुसते, तेवढीच घरात शांतता. माझं अक्षर पाय मोडलेल्या कोंबडीसारखं आहे. तिसरीच्या पुढे मास्तरांनी ठेवली नाही, तो दोष मास्तरांचा. डॉक्टर लोकांची अक्षरं वाचतेस, हेही वाच.

चवथ आली आणि गेली. यंदा घरात तळण नाही म्हणून शेजारच्या पद्मावतीने नेवऱ्या आणून दिल्या. आतलं खोबऱ्याचं चून इतकं कमी की जनेल उघडलं असतं तर उडून गेल्या असत्या. दुःख आमच्या घरात आणि कंजूषपणा तिच्या. खाल्ल्या. तुझ्या बाबाला आवडायच्या म्हणून एक कावळ्याला ठेवली, ती बोक्याने नेली.

शेवंती ठीक आहे. तुझ्या बाबाच्या हाताखालचा बाबली आता तिला लग्नांना नेतो. आश्व्याला ते मोठं हॉटेल झालंय ना, तिथे दिल्लीच्या लोकांची लग्नं असतात, त्यांच्या नवऱ्यामुलाला घोडीच लागते. परवाचा नवरा इतका जाड होता म्हणे की बाबलीने शेवंतीची माफी मागितली. घरी आली की ती तबेल्याच्या दाराशी उभी राहते आणि रस्त्याकडे बघते. मी तिला सांगते, तो येणार नाही, खा. मग खाते. जनावर शहाणं असतं.

आता मुद्द्याचं. तू आईला फोनवर सांगितलंस ते मी ऐकलं. (तीही मोठ्याने लावते.) दिवाळी झाली की तू तुमच्या साहेबांना लिहून देणार की तुझं औषध टिकत नाही. आणि घोड्यांचं काम सोडून कोंबड्यांच्या विभागात जाणार. कोंबड्यांत काय करणार गो तू? त्यांना बी गोठवायची गरज नाही, त्या आपलं आपण बघतात.

मला तुमच्या विद्येतलं काही कळत नाही. पण मी डोळ्यांनी बघितलंय. दोन वर्षांमागे थंडीत तू ते सगळं सामान घेऊन आलीस, पेट्या, नळ्या, ती दुधाच्या कॅनसारखी टाकी, धूर सोडणारी. तुझ्या बाबाने माडाचं खोड आडवं टाकून त्यावर काथ्याची चटई बांधली आणि लाकडाची घोडी केली. पद्मावती कुंपणावरून विचारते, "यशोदाबाय, शिगमो लांब आसा मगे? घोडेमोडणीचो नाच आताच लागलो?" मी म्हटलं, "होय, आणि नाचपी खरो घोडो आसा, येऊन बघ." ती पळाली. मग हळूच जनेलातून बघत बसली, मला दिसली.

आणि आमचा भाटकार! नावाला जागला. जमीनदारासारखा खाऊन उभा राहायचा, काम म्हटलं की तोंड फिरवायचा, म्हणून तर तुझ्या बाबाने त्याचं नाव भाटकार ठेवलं होतं. पण त्या दिवशी म्हातारपणी त्याला काय जोर आला! तू ती कातड्याची पिशवी धरलीस, आत ऊन पाणी भरलेली, आणि तुझा बाबा लाजून विहिरीकडे गेला. मी गेले नाही. मी म्हटलं, मला काय लाजायचं, चार बाळंतपणं झाली माझी.

मग तू माझ्या गावठी कोंबड्यांची अंडी मागितलीस. पिवळा बलक, मलई काढलेलं दूध, साखर, ते गोड चिकट तेल. मी म्हटलं, घोड्याच्या बियाला एवढा थाट आणि मला पेज. तू हसलीस. मग समजावलंस, ते माझ्या डोक्यात अजून आहे. बैलाचं बी थंडी सोसतं, घोड्याचं सोसत नाही. थंडीत आत बर्फाच्या सुया होतात आणि जीव फाडतात. बलकाने अंगाला गोधडी मिळते, तेलाने सुया बोथट होतात, आणि तू त्यात आणखी एक चिमूट घालायचीस, तुझ्या शोधाची. हळूहळू गार करायचं, घाई करायची नाही. जुन्या रीतीने शंभरातले पंधरा जगायचे. तुझ्या औषधाने चाळीस जगले. भाटकाराचेच. तुझ्या बाबाने दुर्बिणीत डोळा लावला आणि ओरडला, "आये, वळवळतत गो! माजो भाटकार पळता आत!"

मला तो दिवस पुरतो. म्हणून सांगते, साहेबांना इतक्यात काही लिहून देऊ नको. का, ते मला विचारू नको. मला माहीत नाही. म्हाताऱ्या बाईचं ऐकायचं म्हणून ऐक.

ती टाकी परत पाठवा म्हणतेस, तुमच्या संस्थेची आहे, आता रिकामी आहे, साईश येऊन नेईल. येऊ दे. गुरांच्या दवाखान्यातला हा साईश मला तसा आवडतो, मिशी आहे पण ताठा नाही. टाकी तबेल्यात आहे तिथेच आहे. तुझ्या आईने तिच्यावर फडकं घातलंय, जसं काही तिला डास चावतील.

तुझ्या बाबाने तुला शेवटी जे म्हटलं ते मीही ऐकलं होतं. त्याच्यावर मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नको.

जेवत जा. तिकडे भात मिळत नाही म्हणतेस, तर चपाती खा, पण खा.

तुझी आजी,
यशोदा


केरी
ता. ५ ऑक्टोबर

क्षमा,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. बसून वाच.

दसरा झाला. यंदा आपल्याकडे काही नव्हतं, नुसती आंब्याची पानं लावली दाराला, तीही बाबलीने. झेंडू पद्मावतीकडचा. तिचा झेंडू यंदा चांगला आलाय. नारळ मात्र बारके. बोका परवा रात्रीपासून नाही, मेला असेल किंवा कोणाकडे जावई म्हणून राहिला असेल.

दसऱ्याच्याच दुपारी साईश आला टाकी न्यायला. सुविधा पाववाल्या पोदेराच्या मागे गेली होती, उंडे घ्यायचे राहिले म्हणून. मी सोप्यावर बसलेली.

"आजये, टाकी खंय आसा? गाडी चालू ठेवलंय."

"चालू ठेवलंस तर बंद कर. आज दसरो. पुजेची वस्तू आज घराभायर जायची नाय."

तो हसला. "पुजेची? ती टाकी?"

"मगे? गेल्या दसऱ्याक माज्या कृष्णनाथान पुजा केलेली. टाकीची न्हय, आतल्या नळ्यांची."

"आतल्या म्हंजे? भायर काढलेल्यो?"

"भायर काढल्याबगर कशी करतलो? झाकणाक कुंकू लावन घोडो पावता काय?"

बाय, त्या माणसाचा चेहरा मी बघत होते. गाडी चालूच होती, ती त्याने जाऊन बंद केली. परत आला आणि माझ्या समोर सोप्यावर बसला.

"किती वेळ भायर होत्यो, आजये?"

"आरती जायसर."

"एक आरती?"

"गणपतीची, मागीर देवीची. पद्मावतीची नातवंडां इल्ली, तेंका शंकराची येता ती दाखवूची होती. तीय झाली."

तो मिशी चावत बसला. मग म्हणाला, "तेदवांच मेलां गो सगळां."

मी म्हटलं, नीट सांग, मी काय शिकलेली नाही. त्याने सांगितलं. नळी हवेत आली की बघता बघता वितळते. परत आत सोडली की परत गोठते, पण कशीही, वेडीवाकडी. बाहेरून तशीच दिसते, तोच रंग, तेच आकडे. आत सगळं फाटलेलं. नंतर टाकी वर्षभर काठोकाठ भरून ठेवली तरी ते मेलेलंच जपणं.

मी त्याला विचारलं, "क्षमाच्या औषधाचो दोष?" तो म्हणाला, "औषध काय करतला, आजये? मेल्यार कसलां औषध?"

टाकी त्याने नेली नाही. उद्या येतो म्हणाला, आला नाही अजून. तो कोणाला सांगणार नाही, मी त्याला शपथ घातली नाही, पण त्याचं तोंड बघून कळलं.

आता तो दिवस तुला सांगते. तू नव्हतीस, सुविधा आत काकडीच्या गोड धोंडसात हात घालून बसली होती. मीच एकटी होते.

भाटकार पावसात गेला होता, पोटशूळाने. दरसाल दसऱ्याला तुझा बाबा त्याला समुद्रावर नेऊन न्हाऊ घालायचा, खुरांना तेल, गळ्यात झेंडू, मग देवळाकडे मिरवायचा. खाण बंद पडून ट्रक गेला तेव्हा जो माणूस सहा महिने खाटेवरून उठला नव्हता, तो त्या घोड्यामुळे उठला होता. त्या दसऱ्याला घोडा नाही. सकाळपासून तो तबेल्यात आत-बाहेर करत होता. मग त्याने पाट मांडला. लगाम ठेवला, घुंगरांचा पट्टा ठेवला. आणि टाकी ओढून आणली.

मी म्हटलं, "कृष्णा, ती कित्याक?"

म्हणाला, "आये, घोडो नाय तर घोड्याचां बी. वर्षातल्यान एक दीस तेका उजेड दिसूं दी."

तू त्याला बजावलं होतंस. मलाही आठवतं, टाकीच्या गळ्याच्या वर नळी डोळा मिटून उघडेपर्यंतच यायला पाहिजे, जास्त नाही. तो ते पाळायचा. साईश भरायला यायचा तेव्हा त्यालाही हात लावू द्यायचा नाही. पण ते रोजच्यासाठी होतं. देवाला दाखवायचं ते वेगळं, असं त्याच्या मनाने घेतलं. देवासमोर ठेवलेल्या वस्तूला काही होतं असं आम्हाला कोणी शिकवलंच नाही. नारळ फोडतो तो प्रसाद होतो, हत्यार ठेवतो त्याला धार येते. आम्ही तेवढंच शिकलो.

त्याने हातमोजा घातला, तू दिलेला, आणि नळ्यांचा तो डबा वर काढला. पाटावर ठेवला. केवढा धूर आला गो! पांढरा, थंड, जमिनीवरून सरपटत माझ्या पायांपर्यंत आला. पोरं ओरडली. तुझ्या बाबाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "बघ आये, मानून घेतल्यान." त्याने एकेका नळीला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. त्या लगेच चिकटल्या, नळ्या ओल्या झालेल्या. आता कळतं, त्या का ओल्या झाल्या. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुक्या असत्या तर अक्षता पडल्या असत्या.

मग आरती. तुझा बाबा बेसूर. पण त्या दिवशी नीट म्हणाला. आरती झाली, मग डबा परत टाकीत सोडला.

माघ संपला तेव्हा तू आलीस. शेवंतीला त्याने मुद्दाम त्याच कामासाठी आणली होती. तू जनेलाकडे मेजावर दुर्बीण लावलीस, नळी कोमट पाण्यात धरलीस, एक थेंब काचेवर घेतलास आणि बराच वेळ मान वर केली नाहीस. मग दुसरी काच. मग तिसरी. मी स्वयंपाकघरातून तुझी पाठ बघत होते. तरीही तू शेवंतीला ते दिलंस, आणि महिन्याने परत येऊन राहिलेलं दिलंस. शेवंती गाभण राहिली नाही.

मग तू त्याला विचारलंस, "बाबा, टाकी सुकली होती काय मधे?"

बरोबर विचारलंस. पण तो भडकला. टाकी सुकली नव्हती ना. रोज काठी घालून बघायचा तो, खोटं बोलला नाही. तू खोटं विचारलं नाहीस. त्याला वाटलं तू आपलं अपयश त्याच्या गळ्यात घालतेस. म्हणून बोलला ते बोलला. आता मी लिहिते, नाही लिहिणार म्हटलं होतं तरी. "एकदां देवान मारलो माजो घोडो. दुसऱ्यांदा तुज्या शिक्षणान मारलो."

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. मग तुझा फोन आला की तो सुविधाच्या हातात द्यायचा आणि अंगणात जायचा. पण लांब जायचा नाही. तुझा आवाज येईल इतकाच. हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

आणि श्रावण लागायच्या आधी गवताचा भारा घेऊन फेरीबोटीतून उतरला, धक्क्यावर बसला, तो उठलाच नाही. तुझं शिक्षण खोटं असं मनात धरून गेला माझा मुलगा. तूही तेच धरून बसलीस, की महिने सरले की तुझं औषध आतून मरतं. तुम्ही दोघंही एका दगडावर डोकं आपटत होतात आणि तो दगड तिथे नव्हताच.

मी दोन दिवस विचार केला. कृष्णनाथ मेलाय, त्याला उठून स्वतःची बाजू मांडता येत नाही. मी त्याची आई आहे, मी गप्प बसले तर त्याचं नाव चांगलं राहतं, घोड्यावर जीव लावलेला माणूस म्हणून. पण तू जिवंत आहेस. मेलेल्याला राखायला जिवंताला कोंबड्यांत धाडायचं, हे माझ्याकडून होणार नाही.

तो असता तर मी त्याला सांगितलं असतं काय? नाही. त्याने तबेल्याच्या खांबावर डोकं फोडून घेतलं असतं. देवाने एवढं मात्र बरं केलं, त्याला कळायच्या आधी नेलं. एवढंच बरं केलं, बाकी काही नाही.

सुविधाला ठाऊक नाही. फोनवर हा विषय काढू नको.

आजी


केरी
ता. २७ ऑक्टोबर

क्षमास,

तुझं पत्र मिळालं. चांगलं लांब लिहिलंस, पोस्टमनलाही वाटलं काही कागदपत्र आहे. दिवाळीला फोन केलास आणि नुसती श्वास घेत राहिलीस, तेव्हा मी समजले की माझं पत्र पोचलं. आईला वाटलं लाइन खराब आहे.

पोहे केले होते, पाच तऱ्हेचे नाहीत, दोनच. बोका आला परत. कान फाटलाय.

तू लिहितेस, "आजी, मी बाबाचं नाव त्यात घालणार नाही. औषध टिकत नाही असंच जाऊ दे. तो मला रागाने बोलला ते जिवंतपणी, मी त्याच्यावर मेल्यानंतर उलटवू?" आणि खाली लिहितेस की समजा पूजा झाली नसती तरी ते वर्षभर टिकलं असतं की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही, सगळ्या नळ्या संपल्या.

दुसरं आधी घेते. ते खरं आहे. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. भाटकाराचं शिंगरू होणार होतं की नव्हतं, हे कधीच कळणार नाही. तबेल्यात ती जागा आहे, तिथे तुझ्या बाबाने शिंगरासाठी खाली बुटकी गव्हाण बांधून ठेवली होती. त्यात आता कोंबडी बसते. पण ठाऊक नाही तर ठाऊक नाही असं लिहावं. टिकत नाही असं का लिहितेस? ते खोटं आहे. दुसऱ्या घोड्याचं घे आणि परत करून बघ. एवढं मला तिसरीवालीला कळतं, तुला साहेब व्हायला निघालेलीला कळत नाही?

आता पहिलं. तू म्हणतेस हे बाबावरचं प्रेम. असेल. पण त्या प्रेमाने काय होणार ते बघ. तूच सांगितलं होतंस, तिकडे काठेवाडातला एक म्हातारा आहे, त्याच्या घोड्याचे दात पडायला आले, आणि तो दर आठवड्याला फोन करून तुला विचारतो, बाय, तुमचं औषध कधी येणार. तू लिहून दिलंस की टिकत नाही, म्हणजे तुमचे लोक ते बाजूला टाकणार. मग तो म्हातारा जुन्या रीतीने करणार, शंभरातले पंधरा. त्याचाही घोडा जाईल आणि पाठी काही राहणार नाही. तुझ्या बाबाचं नाव झाकायला त्या म्हाताऱ्याचा घोडा का मारायचा?

आणि मला सांग, बाबाचं नाव राखतेस म्हणजे काय राखतेस? तो ओरडला होता ना, माझा भाटकार पळतो आत म्हणून? तेच खोटं पाडतेस तू. म्हणजे भाटकाराचं बी थंडीत जगलं होतं हेही गेलं. त्याच्या घोड्याबद्दल खरं म्हणावं असं एवढंच उरलंय.

सुविधाला मी सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. तुला विचारलं नाही, माझी सून आहे, मी ठरवणार. ती भाजी चिरत होती. मी सगळं बोलले, ती चिरतच राहिली. भेंडी इतकी बारीक झाली की तिची पेस्ट व्हायला आली. मग उठली, हात धुतले, तबेल्यात गेली. मी मागून गेले, गुडघे ओरडत होते तरी. शेवंतीच्या मानेत तोंड घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "त्या दिसां हांवय भायर येणार हुती आरतीक. धोंडस तळाक लागतलां म्हणून नाय इल्लंय." मी म्हटलं, "इल्ली असतंस तर तूय हात जोडले असतंस." ती म्हणाली, "होय." मग म्हणाली, "क्षमाक सांग, लिवूं दी." हे तिचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही.

साईश टाकी घेऊन गेला. जाताना मी तिच्यावर बाहेरून कुंकू लावलं. तो बघत होता. मी म्हटलं, बघतंस काय, आता काय जाता तिका?

तर तुझ्या कागदात असं लिही. तुमच्या भाषेत घाल हवं तर, पण यातलं काही गाळू नको.

लिही की पेडण्याच्या केरी गावात कृष्णनाथ यशवंत केरकर म्हणून एक घोडेवाला होता. त्याने टाकी कधी सुकू दिली नाही. दसऱ्याच्या दिवशी त्याने आपल्या मेलेल्या घोड्याचं बी बाहेर काढून पाटावर ठेवलं आणि आरती होईपर्यंत पूजा केली. त्याने ते मेलं. औषधाने नाही. त्याचा घोड्यावर जीव होता हे लिहायला तुमच्या कागदात जागा नसेल. नसली तर नसली. पूजा केली एवढं वाचून ज्याला कळायचं त्याला कळेल.

आणि खाली आणखी एक ओळ घाल, ही नक्की घाल. की जिथे जिथे ही टाकी घोडेवाल्यांच्या घरी द्याल, तिथे सांगून द्या की हिची पूजा करायची झाली तर झाकण लावून, बाहेरून करायची. पूजा करू नका असं सांगू नका. ते ऐकणार नाहीत. आम्ही ऐकलं नसतं.

तू परवानगी मागत होतीस. पत्रात तसं लिहिलं नाहीस, पण दोन पानं तेच मागत होतीस. ज्याने द्यायची तो नाही. मग त्याला ज्याने जन्म दिला त्याने द्यावी. मी देते. त्याचं नाव घाल. कोणी तुला विचारलं, बापाचं नाव असं कसं घातलंस, तर हे पत्र दाखव.

कृष्णनाथची आई,
यशोदा